पाय पुसून आत

नेरळ,
ता. १६ फेब्रुवारी १९८६, रविवार

चि. पदू यास आईचा आशीर्वाद.

अक्षर वाकडं हाय, पण माझंच हाय. मी इकडं मोतीकडं मजेत. तुझी बहीण मला चुलीशी फिरकू देत नाय, नुसतं बसून खायचं. तुझी लेक मैना बी इथंच हाय, हे एव्हाना कळलं असेलच. पोर काय हुशार रं! शाळेत तो कंप्युटर आलाय ना, त्याच्यावर तिनं माझं नाव उठवलं म्हणे, काचेवर हिरव्या अक्षरांत. आजवर माझं नाव कुणी कुठं लिवलंय? मी इतकी हसले, पदर तोंडाला लावावा लागला.

त्या मशीनची देखभाल करतो तो येसाजी मोठा गमत्या. चपला भायेर, ओल्या गोणपाटावर पाय पुसून आत. धुळीनं मशीन आजारी पडतं म्हणतो. देवळात तरी पोरं एवढं करतात का?

शुक्रवारी मैनाच्या वर्गाचा नंबर. तिनं पाय पुसले, पुन्हा पुसले. पिवळं काय जाईना. तोंड-हात धुऊन आली होती, पाय विसरली पोर. येसाजीनं विचारलं, "हळद कुणाची गं?"

"माझीच."

मी इथं तांदूळ निवडत होते. बघते तर येसाजी दारात उभा. "आजी, आज संध्याकाळी मैनाचं लगीन हाय, कशेळ्याला, मावशीच्या दारात. सकाळी ती तिथनं गुपचूप यष्टी धरून शाळेत आली. तुमाला ठावं नाय?"

म्हटलं, "काय तरीच! दहावी होईस्तवर लग्नाचं नाव काढणार नाय म्हणून माझ्या पदूनं माझ्या पायाला हात लावलाय."

त्यानं तिच्या पायांची हळद सांगितली. मग कळलं मला, नवं लुगडं कशाला घेतलंस, लाडू कशाला बांधून दिलेस, "आई, चार दिवस मोतीकडं राहून ये" म्हणून गाडीत कशाला बसवून दिलंस. मी खुळी! गाडीभर बायांना सांगत आले, माझा ल्योक कशी माया करतो बघा.

येसाजीला म्हटलं, "तू मशीनचा माणूस. तुला बरं सांगितलं तिनं?"

"मी मार्क देत नाय ना, आजी. मारतबी नाय. पोरी माझ्याच खोलीत येऊन रडतात. मशीन बिघडतं कधीमधी, हे रोजचंच."

मोठ्या बाईंना सांगून त्यानं तिला शाळेतच बसवून ठेवली होती. मी जाऊन घेऊन आले.

स्थळ चांगलं होतं म्हणशील. असेल. मला विचारतास तर मी भांडले असते, रडले असते, पण तुझ्या तोंडावर. तू मला हसवून लांब धाडलंस. माझ्या घरचं लगीन मला परक्यानं येऊन सांगावं, पदू?

उद्यापासून मैना इथनंच शाळेत जाईल. मी संगती असेन. तू शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिलास तर मी तुझ्या पुढनं जाईन, पण हाक मारणार नाय.

मैनाची आजी