शेडमध्ये टांगलेली सायकल

प्रिय भरत,

एका घरात राहून, एकाच तव्यावरची भाकरी खाऊन भावाला पत्र लिहिणारी बहीण जुन्नर तालुक्यात मी एकटीच असेन. पण तोंडाने सांगायला गेले की तू फोन कानाला लावतोस, आणि फोन नसला की ड्रायव्हरला हाक मारतोस. म्हणून हे लिहून तुझ्या डब्यात भाकरीखाली ठेवतेय. नारायणगावच्या बाजारात गाड्या खाली झाल्या की तू एकटाच केबिनमध्ये बसून जेवतोस, तेव्हा वाच. राग आला तरी भाकरी टाकून देऊ नकोस.

आधी घरची खबर. अण्णांचा खोकला कमी आहे. तुझी बायको आरती तुझ्याबद्दल माझ्याशी अवाक्षर बोलत नाही, म्हणजे ती माझ्या बाजूची आहे असं मी धरून चालते. आणि तुझी लेक आरोही आजही शाळेला गेली नाही. एसटी आलीच नाही. चालत जाते म्हणाली तर तूच तिच्यावर ओरडलास. दिवसभर ती ओट्यावर पुस्तक घेऊन बसते आणि तुझ्या शेडच्या लोखंडी अँगलला टांगलेल्या तिच्या सायकलकडे बघते. पान काही उलटत नाही.

तुला माझी सायकल आठवते का? अण्णांनी ती जुनी आणली होती, घंटी सोडून तिचं सगळं वाजायचं. आई तळेघरची, जन्मभर डोंगर पायी तुडवलेली. तिला पोरगी दोन चाकांवर बसलेली बघवायची नाही. तू कॅरिअरवर बसायचास आणि उतार लागला की माझी वेणी धरायचास. मागून ट्रक आला की मी कडेला घ्यायला लागायचे, तर तूच ओरडायचास, अक्का, चालव तू, तो हळू झालाय. आणि खरंच तो हळू झालेला असायचा. ड्रायव्हर हात करायचा, तू दोन्ही हात सोडून त्याला उत्तर द्यायचास. पुढे मी सासर सोडून एक पेटी घेऊन परत आले, तेव्हा तू एकही प्रश्न न विचारता पेटी उचलून आत नेलीस. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना जीव जड होतोय.

शाळेपुढचे दोन्ही गतिरोधक तू उकरून टाकलेस. गाडी आदळते, खालच्या क्रेटमधला टोमॅटो चेपतो, व्यापारी भाव पाडतो, हे तुझं म्हणणं. जेसीबी तुझाच, कोण अडवणार? गाव गप्प बसलं, कारण सगळ्यांचाच टोमॅटो तुझ्या गाड्यांतून जातो. आम्ही टोमॅटोला जपलं. वेगमर्यादा तीसची पाटी तेवढी राहिली होती, तिच्यावर तुझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. वाढदिवस होऊन गेला, पावसाने फ्लेक्सवरचा तुझा एक डोळा गेला, पण पाटी अजून काही दिसत नाही.

मग सावळेरामभाऊ गेले. निमगाव साव्याकडून सायकलला दुधाच्या किटल्या लावून ते कायम डाव्या कडेने यायचे. शाळेसमोरच मागून ट्रकने उडवलं आणि तो थांबलाही नाही. तो ट्रक तुझा नव्हता. मी कधी तसं म्हटलेलं नाही. उलट सगळ्यांच्या आधी तू धावलास, रक्ताने भरलेला माणूस मांडीवर घेऊन मंचरच्या दवाखान्यात गेलास आणि परत येऊन पडवीत लहान पोरासारखा रडलास. त्या रडण्यावर माझा अजूनही विश्वास आहे.

पण दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली आणि तू माइक घेतलास. वाहनमालक संघटनेचा अध्यक्ष म्हणून बोललास. सायकलवाल्यांनी कडेने चालावं, अंधारात निघू नये, अंगावर चमकणारं काहीतरी घालावं. गाड्यांनी काय करावं, त्याबद्दल एक शब्द नाही. मग नारंगी जाकिटं वाटलीस. चमकत्या पट्ट्यांच्या, आणि पाठीवर हात जोडलेला तुझा फोटो. पहिलं जाकीट साळुवहिनींना दिलंस, नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवून घटकाही झाली नव्हती. घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "उज्ज्वला, दिवसाउजेडी गेलं गं माणूस. जाकीट घालून मेलं आसतं तर बरं दिसलं आसतं का?" याचं उत्तर तुला येत असेल तर त्यांच्या घरी जाऊन दे.

त्याच संध्याकाळी तू आरोहीची सायकल टांगलीस. शाळा सोड, दहावी बाहेरून दे, सतरा नंबरचा फॉर्म भरू, म्हणालास. गावातल्या पोरींना जाकीट पुरतं आणि तुझ्या पोरीला पुरत नाही, असं कसं रे? तुला त्या रस्त्याची भीती वाटते, कारण त्यावरून काय वेगाने गाड्या जातात हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तुझा ड्रायव्हर आदेश मला म्हणाला, "ताई, शाळेपाशी ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की मागची गाडी पुढं जाती. मग शेठ इचारत्यात, कुठं झोपला व्हता?" तू पोरीला रस्त्यावरून उचललंस, पण गाडीचा वेग काही कमी केला नाहीस. गाडी पळायला हवी म्हणून पोरगी घरी बसली आणि बाप म्हणून आपण काळजी घेतली असं तुला वाटतंय. मला याची चीड येते, भरत. तुझी आणि तुझ्या काळजीचीही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सोमवारी मी सायकल खाली उतरवतेय. हवा भरून ठेवलीय, माझीही दुरुस्त करून आणलीय. शाळेच्या वेळेला आम्ही दोघी निघू. आरोही पुढे, कडेने. मी तिच्या मागे, जरा रस्त्यात. त्याच वेळी तुझ्या गाड्या माल भरून बाजाराला सुटतात, हे मला माहीत आहे. तोवर गतिरोधक घालणं तुझ्याच्याने होणार नाही, पण ड्रायव्हरांना चार शब्द सांगणं होईल. नाही सांगितलंस तरी आम्ही निघणारच. आणि तुझं जाकीट मी घालणार आहे. मागून भरधाव येणाऱ्या तुझ्या ड्रायव्हरला मी दिसले नाही तरी चालेल. पाठीवर मालक हात जोडून उभा आहे, एवढं त्याला दिसू दे.

तुझीच,
अक्का