छापलेला वेग

दि. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या हातांनी घडलेल्या वस्तू येणेप्रमाणे: आईच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट, आमच्या दाराची घंटा, जी एकदा दाबली की दोनदा वाजते, हिच्या शिलाई मशीनवरचा दिवा, तुझं नकाशे काढायचं टेबल, आणि त्या टेबलावरचा तुझा कॉम्प्युटर. यातलं काहीही शिकायला मी कुठे गेलो नव्हतो. यादी द्यायचं कारण इतकंच, की शेवटची वस्तू मध्येच बंद पडते म्हणून तू परवा फोनवर तिला डबडं म्हणालीस.

तो फोन जसा आपटला गेला तसा पुन्हा आपटू नये म्हणून घरचा जुना नियम लावू: ज्यावरून भांडण होतं ते पत्रात. भिंतीच्या रंगावरून आई-बाबा एकाच घरात राहून महिनाभर एकमेकांना पत्रं लिहीत होते, आणि भिंत शेवटी पांढरीच राहिली. पण आवाज कोणाचा चढला नाही.

तर कबुली आधी. मागच्या रविवारी मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा तू बाजारात जाताना कशालाही हात लावू नकोस म्हणालीस. मी लावला. मदरबोर्डचं नवं बायोस आलं होतं, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यांना उठवून कामाला लावतो तो आतला मूळ प्रोग्रॅम. तो बदलला की जुनी सेटिंग पुसली जातात. मी ती सगळी पाठ असल्याप्रमाणे पुन्हा भरली. तुझ्या रॅमवर, म्हणजे मेमरीच्या दोन पट्ट्यांवर, ५६०० वेग छापलाय. मी ती दोन वर्षं ६४००वर पळवतोय. हे कारखान्याला जमलं नाही, मला जमलं.

तेव्हा दोष सेटिंगमध्ये असणं शक्य नाही. संशयितांची नावं: तुझा प्लग, आतली धूळ, आणि त्याच प्लगवर चालणारी भावोजींची इस्त्री. इस्त्री हलव. मग रॅमची एकेक पट्टी काढून मेमरी टेस्ट लाव आणि कळव.

लोभ आहेच, तो तरी मध्येच बंद पडू नये.

तुझा,
मिस्त्री

*

दि. ९ नोव्हेंबर

चि. मिस्त्रीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

इस्त्री स्वयंपाकघरात गेली. तिथे ओटा ओला म्हणून तिला कोणी हात लावत नाही, आणि भावोजी तुझ्या प्रयोगापायी चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जातात. धूळ पुसली. चिमूटभर निघाली, तीही तुझ्याच ब्रशची असावी.

टेस्ट केली. पहिली पट्टी एकटी: पास. दुसरी एकटी: पास. जागा बदलून: पास. दोघी एकत्र: नापास, आणि लाल ओळी पडद्याबाहेर जाईपर्यंत. नणंद-भावजयीचं असतं तसं काही आहे का, ते तूच सांग.

आता हसू नकोस. पडदा निळा होऊन मशीन बंद पडतं त्याचं मला काही वाटत नाही, ते निदान दिसतं. पण काल चौदाव्या पानावरची नदी मधेच तुटलेली सापडली, आणि उरलेली दोन बोटं पलीकडे, टेकडीच्या माथ्यावरून वाहतेय. मी अशी काढली नव्हती. नुसती उघडून सेव्ह केली होती. हा शाळेचा नकाशासंग्रह आहे, मुलं यातून नद्या शिकणार. माझं नाव एकटीचं छापलं जाणारं हे पहिलं पुस्तक. पंचवीस तारखेला द्यायचंय. प्रकाशकांनी सौम्यपणे सांगितलंय, की जमत नसेल तर काम दुसऱ्याकडे देता येईल.

सोबत एक फोटो. मशीन बसवलंस त्या दिवशी भावोजींनी काढलेला. पडद्यावरच्या ६४००कडे बोट दाखवून तू असा उभा आहेस, जसं काही तुलाच बाळ झालंय. तेव्हा चालत होतं ना? मग काय बदललं ते यात बघ.

तब्येत सांभाळ. डोकं त्याहून जास्त.

ताई

*

दि. १४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण रुसलो होतो. ही म्हणाली, फोटोवर कोणी रुसतं का. रुसतं.

आधी चष्मा लावून पाहिला, मग भिंग घेऊन. मी बोट दाखवतोय तो आकडा झकास दिसतो. त्याच बोटाखाली, नखाला लागून, दुसरी ओळ आहे. मेमरी सांभाळणाऱ्या भागाला किती व्होल्टेज द्यायचं ते मी भरलेलं: १.२०. आणि शेजारी, प्रत्यक्षात जात असलेलं: १.२८. ही ओळ दोन वर्षं मी रोज पाहू शकलो असतो. पाहिली नाही, कारण वरचा आकडा माझा होता.

म्हणजे झालं ते असं. मी मागितलं तेवढ्या व्होल्टेजवर ६४०० कधीच चालत नव्हतं. जुनं बायोस माझ्या नकळत वरून थोडं घालत होतं, भाजी कमी पडली की आई आमटी वाढवायची तसं. नवं बायोस शिस्तीचं. मागाल तेवढंच देतं. एका पट्टीला ते पुरतं, दोघींना पुरत नाही. कारखान्याला जमलं नाही ते मला जमलं होतं, हे वाक्य कृपया मागच्या पत्रातून खोडून टाक.

आता १.२८ भरलं तर कदाचित चालेलही. मी ते कागदावर लिहिलं होतं. मग तुझी टेकडीवरची नदी आठवली. कदाचित चालणाऱ्या मशीनवर शाळेच्या नद्या काढू नयेत.

म्हणून असं कर. बायोसमध्ये जा, माझं सगळं पुसून मूळ सेटिंग आण आणि रॅमवर छापलेला ५६०० हाच वेग निवड. सकाळी टेस्ट लाव, संध्याकाळी बघ. मगच काम. त्या रविवारपासून उघडलेलं प्रत्येक पान तुझ्या जुन्या छापील प्रतीशेजारी ठेवून तपास. मशीनवर विश्वास नको, आणि ते बांधणाऱ्यावर तर नकोच.

राग उतरला असेल तर लोभाचा वेगही छापलेलाच ठेव, वाढवून मागत नाही.

मिस्त्री (पदवी तूर्त जप्त)

*

दि. २७ नोव्हेंबर

चि. मिस्त्रीस,
अनेक आशीर्वाद. धपाटा माफ.

टेस्ट दिवसभर चालली, लाल ओळ एकही नाही. पानं तपासली. आणखी एक तळं सरकलं होतं, ते जागेवर आणलं. नकाशे पंचवीसला गेले. भावोजींनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला.

मशीन हळू झालं का, असं तू विचारणार. मला काहीच फरक कळला नाही. हे लिहू की नको असा विचार केला, पण घरचा नियम आहे.

पत्रातच सांगते म्हणून आणखी एक. तुझ्या टेबलाचा डावीकडचा मागचा पाय पहिल्या दिवसापासून आखूड आहे. खाली पुठ्ठा आहे, आणि तू यायचास तेव्हा मी त्याच्यापुढे रद्दीची टोपली सरकवायची. टेबल मला फार आवडतं. पुठ्ठ्यासकट.

प्रकाशक नकाशे न्यायला स्वतः आले होते. मी तुझ्या ६४००ची जरा फुशारकी मारली, बंद पडल्याचं गाळून. त्यांना ऑफिससाठी तशीच सहा मशीनं हवीत. ते तुला लिहितील. नीट उत्तर दे.

ताई

*

दि. ६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं नाव छापून येणार हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना आधी. पुठ्ठा काढू नकोस. तो त्या टेबलाचा सर्वांत नीट मापलेला भाग आहे.

प्रकाशकांचं पत्र आलं. मी लिहिलं, की छापलेल्या वेगाची सहा मशीनं आनंदाने बांधीन. त्यांचं उत्तर आलं, की तशी तर कोणीही बांधतं, त्यांना भावाने बहिणीला दिलं तसलं, ६४००चं हवंय. त्यावर मी नाही कळवलं. त्यांच्या सहा टेबलांखाली टोपली सरकवायला तू कुठे असणार?

आता थांबतो. माया होती तेवढीच ठेव, ती पहिल्यापासून गरजेपेक्षा जास्तच येत होती.

तुझा,
मिस्त्री

ता. क. ही विचारेल तर तुला काही माहीत नाही. सहा मशीनं, प्रत्येकी पंधरा हजार मजुरी, एकूण नव्वद हजारांवर पाणी सोडलं.