मंगळवारचा डबा

२ जानेवारी, गुरुवार

खोकं आलं! कुरिअरवाला गावात येईना, तामलवाडीच्या फाट्यावरूनच फोन केला. अंगणवाडी सुटल्यावर गेले आणि कडेवर घेऊन आले, लेकरासारखं. इलेक्ट्रिक कुकर. निकितानं लातूरहून मागवलाय. फोनवर म्हणाली, "आई, तू दोन-दोन दिवस शिजवत नाहीस, मला माहितीय. आजोबांनी सांगितलं. यात भात, वरण, भाजी एकदमच होतं. बटण दाब आणि बस."

आजोबांनी सांगितलं! म्हणजे मामा, माझे सासरे, माझ्या पाठीमागं नातीला फोन करतात.

मामा खोक्याभोवती दोनदा फिरले. "शिट्टी कुठंय ह्याची?" म्हटलं, याला शिट्टी नसते. "मग शिजलं कसं कळायचं?"

३ जानेवारी

फजिती. तळाला पेलाभर पाणी, त्यात जाळी, जाळीवर एकावर एक तीन डबे — तुरीची डाळ, तांदूळ, वर भोपळा. वीस मिनिटं लावली. उघडलं तर डाळ टणक, भाताचा गोळा, भोपळ्याचं पाणी. मामांना एकही दात नाही, त्यांनी भोपळा वाटीनं प्यायला. "ग्वाड लागतंय की," म्हणाले.

हसले मी. मोठ्यानं!

४ जानेवारी

डाळ आधी तासभर भिजवायची. भोपळ्याच्या फोडी मोठ्या, सालीसकट. एवढंच होतं.

६ जानेवारी, सोमवार

आज एक वर्ष झालं.

बजरंग. लिहिलं एकदाचं. वर्षभर 'ह्यांनी', 'ते' असंच लिहीत आले. मागच्या वर्षी याच तारखेला त्यानं बॅग भरली आणि सांगितलं, सोलापूरला खोली घेतलीय. एकटा नाही. तिचं नाव त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कढईत कांदा होता. तो काळा झाला तरी मी हलवत राहिले.

गल्लीला वाटलं, आता ही भावाकडं भूमला जाणार. भाऊ न्यायलाही आला होता. तेव्हा मामा ओट्यावर येऊन उभे राहिले. "दीपमाला कुठं जायची न्हाय. ही माझी लेक हाय. पोरगा म्या मेला म्हणून समजतो." सगळ्यांसमोर म्हणाले. भाऊ एकटाच परत गेला.

त्या तीन वाक्यांवर वर्ष काढलं मी. खरंच. दुसरं काय होतं?

७ जानेवारी, मंगळवार

मामा सोलापूरला गेले. कवळी बसवायची म्हणतात, दर मंगळवारी यायला सांगितलंय दातवाल्यानं. हॉटेलातलं खारट चालत नाही, बीपी आहे. "डबा दे. मऊ, पातळ, बिनमिठाचा. आन् जरा जास्तच दे." मूगडाळ-भात एकाच डब्यात, वरच्या डब्यात गाजर. सगळं एकदम झालं, आणि दहाच्या एसटीला वेळेत पोचले मामा.

संध्याकाळी डबा रिकामा, धुतलेला. "सगळं संपलं!" त्यांचा चेहरा असा फुललेला! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दातांची एवढी हौस.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, हे कुणाला ठरवता येत नाही. शेजारच्या धुरपताकाकू तेवढ्या आल्या, कुंकू लावलं, म्हणाल्या, "नवरा जित्ता हाय ना? मग झालं."

मामा सणाच्या दिवशीही सोलापूरला! माप चुकलं म्हणे.

२३ जानेवारी

आता हात बसला. खाली डाळ, मधे मामांचा मूगभात, वर भाजी. पालेभाजी असेल तर झाकणाच्या डब्यात, नाहीतर तिचा वास भाताला लागतो. कुकरचं रबर लिंबाच्या सालीनं घासून उन्हात ठेवते. भाकरी मात्र चुलीवरच, ती कुठल्या मशीनचं ऐकत नाही. मामा दुधात कुस्करून खातात.

दोन माणसांचं तीन डब्यांत होतं. तिसऱ्या माणसाचं ताट काढायची सवय या महिन्यात गेली. निकिता लातूरला गेली तेव्हा एक कमी झालं होतं, ते सहज झालं. दुसरं कमी व्हायला वर्ष लागलं.

२८ जानेवारी, मंगळवार

मधेच लाईट गेली. निम्मं शिजलेलं. मामा दारात पायतान घालून उभे, पाच-पाच मिनिटांनी आत डोकावतात. शेवटी गॅसवर लावून दिलं. "एसटी चुकंल गं, लवकर कर." मी चिडले — "दातवाला पळून जातोय का?"

बोलायला नको होतं. म्हातारं माणूस, भुकेला घाबरतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डबा घासायला घेतला. मामांनी धुऊन आणला तरी मी घासतेच.

डबा माझा. झाकण माझं नाही.

माझ्या सगळ्या डब्यांवर आईनं लग्नात नाव कोरून घेतलेलं — 'सौ. दीपमाला बजरंग'. आज झाकणावर दुसरंच. चष्मा लावून वाचलं.

सौ. महादेवी बजरंग.

अक्षरं नवीकोरी, चमकणारी. तर हे तिचं नाव. लग्न कायद्यानं झालेलं नाही, पण भांड्यांवर झालंय.

५ फेब्रुवारी

अंगणवाडीत हजेरी दोनदा घेतली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मामा जेवायला बसले तेव्हा झाकण ताटाशेजारी ठेवलं. नाव वर करून.

त्यांनी बघितलं. घास तोंडात तसाच. "बदललं वाटतं," म्हणाले.

"कवळी कुठंय, मामा?"

त्यांनी घास गिळला. मग, "दातवाल्याकडं म्या कधी गेलोच न्हाय."

"मग डबा कोण खायचं?"

"लेकरू हाय. पोरगा. सात महिन्यांचा झालाय."

मऊ, पातळ, बिनमिठाचं! दर महिन्याला मी बायांना गोल बसवून हेच सांगते — सहा महिने झाले की वरचं अन्न सुरू करा, वर्षापर्यंत मीठ नको, साखर नको. फळ्यावर लिहून देते. आणि माझ्याच स्वयंपाकघरात पाच मंगळवार तेच शिजलं, तरी मला कळलं नाही!

सात महिने म्हणजे जूनचा जन्म. बोटांवर मोजलं. बॅग भरली तेव्हा तिला तिसरा-चौथा महिना होता.

"पोरगा मेला म्हणाला होतात," मी म्हटलं.

"पोरगा मेला. नातू कसा मारू?" मग म्हणाले, "बजरंग तिथं न्हाय, पोरी. तिलाबी टाकून गेला दिवाळीत. पुण्याकडं हाय म्हणतेत. ती एकलीच. टॉवेलच्या कारखान्यात जाती. लेकराला शेजारची म्हातारी बघती. म्या मंगळवारी तेवढं चारून येतो."

मी उठून बाहेर गेले. मागून आवाज आला, "म्या खोटं बोललो. पर तुला लेक म्हणलो ते खोटं न्हाय."

ऐकू आलं. वळले नाही.

७ फेब्रुवारी

शिजवलं नाही.

८ फेब्रुवारी

नाही. धुरपताकाकूंनी मामांना ताट नेऊन दिलं. मला म्हणाल्या, "काय झालंय गं दोघांत?" म्हटलं, मशीन बिघडलंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज वजनं घ्यायचा दिवस. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं आज्ज्यांकडं राहिलीत. एक आठ महिन्यांचं काट्यावर ठेवलं, पिशवीभर पीठ ठेवावं एवढंच वजन. आजी म्हणाली, "आई इथं न्हाय, बाप कुठंय ठावं न्हाय, आमी काय घालावं ह्याला?" मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. मूगडाळ, तांदूळ, भोपळा, वरून तूप.

सोलापूरची ती पण एकटीच. टाकलेली. माझ्यासारखीच, फक्त माझ्यानंतर वर्षाच्या आत.

मी तिच्यावर किती रात्री दात खाल्ले! आणि ती कुठल्यातरी खोलीत लेकरू पाजत बसली असेल, दाराकडं बघत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मशीन लावलं. मामांना बोलले नाही. डबा भरून खुंटीला अडकवला. त्यांनी बघितलं, पायतान घातलं, परत काढलं. माझ्या समोर येऊन उभे राहिले. डबा घेऊन गेले.

त्या डब्यावर तिचंच झाकण लावून दिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मूगभात बारीक घोटून दिला. एका बाजूला रताळं, कुस्करलेलं. आठव्या महिन्यात दाटसर चालतं. मामांना सांगितलं, "चमच्यानं द्या, एका वेळी चार घास, घाई नको. आणि तिच्यासाठी वेगळा भात ठेवलाय, तिलाही दूध येतंय ना अजून?" मामा मान खाली घालून "व्हय" म्हणाले.

आता बोलतो आम्ही. संध्याकाळी ओट्यावर बसून ते सगळं सांगतात. खोली स्टँडपासून जवळच, पिठाच्या गिरणीच्या मागं, दाराला निळा रंग. पोराचं नाव शंभू. गाजर थुंकतं. भोपळा खातं.

"कुणावर गेलाय?" विचारलंच मी.

"आमच्या हिच्यावर," म्हणाले. म्हणजे माझ्या सासूवर. बरं वाटलं. का, माहीत नाही.

२५ फेब्रुवारी

तिन्ही डबे सोलापूरचेच झाले. आमच्या दोघांचं नंतर लावते.

निकिताला अजून सांगितलं नाही. तिची परीक्षा होऊ दे. भाऊ आहे तुला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पण सांगेन. मीच सांगेन.

४ मार्च

मामांनी निरोप आणला — "महादेवी म्हणली, ताईंना सांगा, लेकरू वजनाला भरलं." ताई! स्वयंपाकघरात जाऊन रडले. वाईट रडणं नव्हतं.

वर्षानंतर पहिल्यांदा वाटतंय की हातांना काही काम आहे.

१० मार्च, सोमवार

मामांचा गुडघा सुजलाय. पायरी उतरवत नाही. मी म्हटलं, उद्या मीच जाते. रजा टाकते. शंभूला बघायचंय मला.

"नगं, नगं!" केवढ्यानं ओरडले! "एक मंगळवार चुकला तर काय होतंय? म्या तिला फोन करतो, तीच येईल फाट्यावर."

लाजतात बिचारे. दोन सुना समोरासमोर, त्यांना कसंतरी वाटत असणार. मी हसून म्हटलं, "भांडायला नाही चालले, मामा."

झोपेपर्यंत तेच — "तू नगं जाऊ, दीपमाला. माझं ऐक."

डाळ भिजवलीय. पोरासाठी लोकरीची टोपी घेतलीय, उन्हाळा आलाय तरी. आकाशी.

११ मार्च, मंगळवार
लातूर, निकिताच्या खोलीवर

दार बजरंगनं उघडलं.

बनियनवर. खांद्यावर लेकरू झोपलेलं. पायात घरातल्या चपला.

माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं. "आबा न्हाय आले?"

"गुडघा सुजलाय."

"बरं." डबा हातातून घेतला. "जरा मीठ घालत जा की. दर वेळी मला वरनं घ्यावं लागतं."

दर वेळी!

आतून तिचा आवाज, "कोण आलंय हो?"

"कुणी न्हाय. आबांचा डबा आलाय."

स्टँडवरून धुरपताकाकूंना फोन केला — मामांच्या ताटाचं तुम्ही बघा. "किती दिवस गं?" फोन ठेवला.

लातूरची गाडी लागलेली होती, तिच्यातच बसले. फाटा आला. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, तामलवाडी! उतरा की!"

म्हटलं, पुढचं तिकीट द्या.