चार वाजताची कुस्ती

१४ एप्रिल २०२१, बुधवार

शूटिंग बंद! आज रात्री आठपासून. समर्थ सरांचा फोन आला तेव्हा मी जयंतीची खीर ढवळत होते. आमचे कार्यक्रमप्रमुख. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि घाबरले की त्यांचं इंग्रजी वाढतं. "आम्रपाली, बँक किती आहे आपल्याकडे? बी ऑनेस्ट." बँक म्हणजे तयार होऊन पडलेले एपिसोड. दोन मालिकांचे तीन-तीन, तिसरीचा एक. शनिवारनंतर ठणठणगोपाळ. मोठी चॅनेलं म्हणे युनिटं घेऊन राज्याबाहेर चाललीत. आपण कुठे जाणार? आपल्याला कोथरूडच्या ऑफिसातून कात्रजला गाडी पाठवायची तरी तीन सह्या लागतात. "काहीही लाव, पण स्क्रीन काळी जाता कामा नये." मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते. मागच्या वर्षी सगळं संपवलं की हो! आता काय लावू, माझ्या बारशाचा व्हिडिओ?

यंदाही मिरवणूक नाही. येरवड्यात एवढी शांत जयंती मी पाहिलेली नाही. बाबांनी पांढरा शर्ट घालून बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. वंदना म्हणताना दोनदा खोकले. "धूर गेला," म्हणाले. उदबत्ती अजून पेटायची होती.

१६ एप्रिल

बाबा पॉझिटिव्ह. आई आणि मी निगेटिव्ह. बाबांनी रिपोर्ट हातात धरून वाचला आणि म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा पॉझिटिव्ह झालो, तुझी आई खूश होईल." आई अजिबात हसली नाही.

१७ एप्रिल

ऑक्सिजन ८८. अठ्ठेचाळीस फोन केले. एकही बेड नाही.

१८ एप्रिल, रविवार

बेड मिळाला. मैदानावर मांडव घालून उभारलेलं सेंटर आहे. दोन लांबच लांब वॉर्ड, पत्र्याचं छप्पर. नातेवाइकांनी गेटच्या आत यायचं नाही. बाबांना व्हीलचेअरवर बसवलं तर म्हणाले, चालत जातो. स्वारगेट डेपोत चौतीस वर्षं बसची इंजिनं उचलली ह्या माणसाने, त्याआधी तालमीत घाम गाळला. बसवलंच शेवटी. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि घरी येऊन बघते तर चार्जर टीव्हीजवळच! उद्या द्यायला गेले तर वॉचमन म्हणाला, आत वस्तू जात नाहीत. म्हणजे उद्याचं काय लिहिते आहे, आज संध्याकाळीच परत गेले होते. डोकं ठिकाणावर नाही.

बेड नंबर २७. हेल्पलाइनला नाव सांगितलं तर ते विचारतात, नंबर सांगा.

१९ एप्रिल

आठवड्याचा तक्ता भरायचा आहे. चोवीस तास गुणिले सात. दुपारी एक ते तीन जुनी कौटुंबिक मालिका, तिसऱ्यांदा. संध्याकाळी "खास लोकाग्रहास्तव" असं लिहून तीच मालिका मागून पुढे. कोणा लोकांनी आग्रह केला देव जाणे!

ऑफिसात शंभू एकटा आहे. तो आमचा टेपा लावणारा. सातही दिवस तिथेच झोपतो. त्याने माळ्यावरून चार खोकी काढली. चॅनेल नुसतं केबलवर होतं तेव्हाची, गावोगावच्या जत्रांतल्या कुस्त्यांची मैदानं. हलगी, धुरळा, घसा फाडून ओरडणारा निवेदक. "मॅडम, बुरशी लागलीये पण चालतायत."

२० एप्रिल

वॉर्डातल्या सिस्टरचा नंबर मिळाला. रुपाली. कोवळा आवाज, कमालीची दमलेली. ड्यूटी संपली की दोन ओळी लिहीन म्हणाली. बाबा बोलतात, पण मास्क काढला की लेव्हल पडते. मी विचारलं, दिवसभर करतात काय? तर म्हणाली, "टीव्ही बघतात ताई. दोन्ही भिंतींना लावलेत. फुकटची चॅनेलं दिसतात तेवढीच."

फुकटची चॅनेलं! म्हणजे आमचंच की!

समर्थ सरांना सांगितलं, चार वाजता कुस्ती लावते. "दुपारी चारला? लेडीज ऑडियन्स आहे!" मी म्हटलं, दुसरं काय आहे ते दाखवा. "बरं, लाव," म्हणाले. खरं कारण सांगितलं नाही. का सांगू?

२१ एप्रिल

लागली. बरोब्बर चारला. आई आयुष्यभर म्हणत आली, उघडे बाप्ये चिखलात लोळतात त्यात काय बघायचं. आज पावणेचारला पदराला हात पुसून समोर येऊन बसली. "आत्ता हेपण हेच बघत असतील ना गं?" हो म्हटलं. मग तिची पापणी लवली नाही. एक पैलवान चितपट झाला तर म्हणाली, "अरेरे."

रात्री रुपालीचा मेसेज, बाबांच्या शब्दांत जसाच्या तसा — "अमूला सांगा, ऐन डावाच्या मधे जाहिरात टाकणाऱ्याला एकदा माझ्या मांडीखाली द्या."

मी इतकी हसले की आई धावत आली. मग दोघी रडलो. जाहिराती डावाच्या बाहेर काढायला सगळी टेप बघावी लागेल. बघीन.

२२ एप्रिल

टेप बघितली. सात ब्रेक हलवले. बाबांचा निरोप — "आता जमलं. तांबड्या लांगेचा पोरगा कच्चा आहे, पण टिकेल."

२३ एप्रिल, शुक्रवार

मध्यरात्री वळवाचा पाऊस, वारा. सेंटरचं छप्पर एका बाजूने गळलं म्हणे. रुपालीने सकाळी कळवलं — तिकडच्या सगळ्यांना घाईघाईने दुसऱ्या वॉर्डात हलवलं, वीजही गेली होती, पण ऑक्सिजन चालू होता, काळजी करू नका. तिला मात्र आता ताप आहे. तिचीच आज टेस्ट आहे.

आज निरोप नाही.

२४ एप्रिल

हेल्पलाइन : "बेड सत्तावीस, स्टेबल." पाच वेळा केला. पाचही वेळा स्टेबल. त्या बाईचा आवाज रेकॉर्ड केलाय की काय असं वाटतं.

२५ एप्रिल, रविवार

रुपालीच्या जागी नवीन सिस्टर, आठच दिवसांपूर्वी भरती झालेली. बेड सत्तावीसचे आजोबा बरे आहेत म्हणते. मी म्हटलं, निरोप काय दिला? "कुस्ती आवडते म्हणाले. सकाळी कीर्तन असतं तर बरं झालं असतं म्हणाले."

कीर्तन?

आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले टाळ भंगारात घातले. बाबा लग्नाच्या जेवणालासुद्धा पूजा उरकल्यावर जातात. आणि त्यांना कीर्तन हवंय! सिस्टरला दोनदा विचारलं. "हो ताई, सत्तावीसच. आजोबा खूप हळू बोलतात, पण हेच बोलले."

२६ एप्रिल

भांडण झालं. आई सरळ म्हणाली, "हे बोलणं ह्यांचं नाही." मी चिडले. मग कुणाचं? तिथे माणसं मरतायत, शेजारची खाट रोज रिकामी होते, तिथे पडून माणसाला काय आठवेल ह्याचा नेम आहे का? चाळीस वर्षं एका खोलीत राहिलीस म्हणून त्यांच्या मनातलं सगळं तुलाच कळतं? असं बोलले. मुद्दाम लागेल असं. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

खरं सांगायचं तर मला बाबांचाच राग आलाय. एवढ्यात हरलात? आम्हाला लहानपणी मित्राच्या घरी आरतीला उभं राहिलो म्हणून बोलणी खायला लागायची, आणि आता तुम्हाला कीर्तन पाहिजे. मग वाटलं, मागू दे. काही मागतोय म्हणजे श्वास आहे. मी कोण त्यांना तत्त्वं शिकवणारी?

शंभूला फोन केला — कीर्तनाच्या टेपा आहेत का? ढिगाने आहेत.

२७ एप्रिल

सकाळी सहाला कीर्तन, चारला कुस्ती. समर्थ सर आनंदात. "हनुमान जयंतीला कुस्ती आणि कीर्तन! व्हॉट अ कॉम्बिनेशन! तुला सुचतं कसं?"

सुचतं.

सहाला उठून आवाज बंद करून बघितलं. आईला कळू नये म्हणून. ती मागे उभी होती. तिने आवाज मोठा केला आणि बसली. आमच्या घरात पहिल्यांदाच टाळ वाजले.

२९ एप्रिल

टीआरपीचे आकडे आले. चारचा स्लॉट चॅनेलवर तिसरा! एका तेलवाल्याने कुस्तीसाठी जाहिरात दिली. मीटिंगमध्ये टाळ्या. मी कॅमेरा बंद ठेवला होता.

निरोप — "कालची कुस्ती परत दाखवली का? बघितल्यासारखी वाटली." खरंच परत होती! पकडलं! आईला सांगितलं, बघ, आहेत ना डोळे शाबूत? ती "हं" म्हणाली. अजून तिचं मन मानत नाही. अमू म्हणून नाव घेत नाहीत आताशा, असं तिचं म्हणणं. नव्या सिस्टरला काय अमू न् फमू, ती तेवढंच सांगणार.

१ मे

मास्कशिवाय ९४! ९४! वरण-भात खाल्ला. चौथं खोकं संपत आलंय, पण बाबा आधी घरी येणार, मग कुस्ती गेली तेल लावत.

२ मे, रविवार

व्हिडिओ कॉलच्या यादीत आज आमचा नंबर लागला. सिस्टरने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन धरला. पांढरी चादर. दाढीचं जंगल. नाकात नळी, तोंडावर मास्क. मी "बाबा, बाबा" ओरडत राहिले. त्यांनी हात वर केला आणि चित्र तसंच गोठलं. अकरा सेकंद.

आई त्या गोठलेल्या चित्राकडे कितीतरी वेळ बघत होती. "किती वाळलेत," म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, "चुकलं माझं. हेच आहेत. मी भलतंसलतं बोलले." मी तिला जवळ घेतलं. चौदा दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

३ मे

डिस्चार्ज उद्या अकराला!!! शंभूने सांगून टाकलं असणार, समर्थ सरांचा फोन — "तू आधी का बोलली नाहीस गं?" मग स्वतःचं सांगितलं. त्यांचे काका मागच्या आठवड्यात गेले, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही दोघं रोज बोलत होतो, फक्त तक्त्याबद्दल.

आईने बाबांचा पांढरा शर्ट परत धुतला. कॉट खिडकीशी सरकवली. गल्लीतली मुलं फुलं टाकणार म्हणतायत. मी म्हटलं, लांबून टाका. झोप येत नाही, पण आज चांगल्या कारणाने.

४ मे, मंगळवार

सेंटरच्या गेटबाहेर, फुटपाथवर.

व्हीलचेअर आली. मांडीवर बाबांची फाइल. खुर्चीत बाबा नव्हते.

"पोरी, माझं नाव उत्तरेश्वर हाय. रोज सांगत हुतो. सिस्टर हो आजोबा म्हनायच्या अन् फुडं जायच्या." पावसाच्या रात्री माणसं हलवली तेव्हा त्यांच्या गळ्यात बाबांची सत्तावीस नंबरची फाइल पडली, बाबांच्या खाटेला त्यांची. चोवीस तारखेला त्यांच्या मुलाला फोन गेला, वडील गेले म्हणून. बांधलेलं गाठोडं, तोंड बघायला मिळालं नाही. मुलाने लांबून अग्नी दिला. काल दहावा केला, पिंडाला कावळाही शिवला म्हणे. आता तो मुलगा इथे पोचलाय, बापाच्या पायाशी बसून हुंदके देतोय, आणि माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होत नाही.

आईचा तिसरा फोन. आंघोळीचं पाणी निवतंय म्हणते.