तू फोडलेलं गंगाफळ

माय, काल बाजारातून गंगाफळाची फोड आणली. इथे धुळ्यात अख्खा भोपळा सहसा कुणी घेत नाही. भाजीवाली बाई मांडी घालून बसल्या बसल्या विळ्याने ते चराचरा कापते, दिवसातून पाच-सहा तरी. तिचं काही वाईट झालेलं नाही. नवरा शेजारीच कांदे विकतो, मुलं शाळेत जातात. मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले असणार, कारण तिने विचारलं, "काय झालं मावशी, किडकं निघालं का?" मी नाही म्हटलं आणि फोड घेऊन घरी आले. ती अजून ओट्यावर पडली आहे आणि मी भाजी टाकायची सोडून तुला लिहीत बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात असती तर ते लिहायची वेळच आली नसती.

तुझं बी तुझ्या माहेरचं, पारोळ्याकडचं. लांब मानेचं फळ, बाहेरून मातकट, आत केशरी, शिजवलं तरी फोड मोडायची नाही. आपल्या गावात सगळ्यांच्या परसात तेच होतं, कारण सगळ्यांनी ते तुझ्याकडूनच नेलेलं. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, झाली की बाया यायच्या. तू राखेत ठेवलेल्या बिया काढून पदराने पुसायचीस आणि प्रत्येकीच्या ओंजळीत घालायचीस. बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाला तुला कुणी बोलवत नसे, नवरीला हळद लागताना तू मागे उभी राहायचीस. पण बी तुझ्याच हातचं लागायचं. त्या चार दिवसांत तू जरा मोठ्याने बोलायचीस, माय. मला ते तेव्हा दिसायचं, आणि गंमत वाटायची.

तुझा एक नेम होता. बीचं फळ बाईने फोडायचं नाही. फोडायला शेजारचे आबा यायचे, म्हातारे, अंगणात उकिडवे बसून एका घावात फळाचे दोन भाग करायचे आणि चहा पिऊन जायचे. मी वयात आल्यापासून त्यावर तुला चिडवायचे. आबांना चष्म्याशिवाय धड फळ दिसत नाही, आणि तू अख्खं शेत निंदून येतेस, तुझा हात का चालत नाही? तू लुगड्याचा ओचा खोचून दुसऱ्या कामाला लागायचीस.

त्या वर्षांत नरडाण्याच्या अलीकडे एका बागायतदाराच्या मळ्यात बियाण्याच्या कंपनीचा प्लॉट होता, संकरित गंगाफळाचा. मी तिथे कामाला जायचे. काम नाजूक, म्हणून बायका-पोरीच लावायचे. उद्या उमलणाऱ्या मादी कळ्या हेरून संध्याकाळी त्यांची तोंडं दोऱ्याने बांधायची, सकाळी सोडून नराचं फूल आत फिरवायचं आणि पुन्हा बांधायचं. प्लॉटवरचा साहेब शहरातला, तरुण. तो सायकलवरून आसपासच्या वस्त्या पालथ्या घालायचा. एकदा त्याने बऱ्याच लांबच्या एका म्हातारीचा उकिरड्यावरचा गंगाफळाचा वेल उपटायला लावला. म्हातारी रडत बांधावर येऊन बसली. मी त्याला विचारलं, एवढ्या लांबच्या वेलाने आपलं काय बिघडतं? तो म्हणाला, "मधमाशीला बांध कळत नाही. तिकडचा पराग इकडे आला की बी भेसळ झालं. आणि फळाकडे बघून ते समजतही नाही, फळ जसंच्या तसं असतं. पुढच्या वर्षी पेरलं की समजतं." मला ते नीट समजलं. त्याने परीक्षा घेतली असती तर मी पहिली आले असते.

हंगाम संपला, बी काढायचा दिवस आला, तेव्हा मी कुणाला न विचारता दहा-बारा बिया ओढणीच्या गाठीत बांधून आणल्या. पाऊस झाल्यावर आपल्या परसात लावल्या, तुझ्या वेलापासून दहा हातांवर. माझ्या वेलाला तुझ्या आधी फळं धरली. गोल, आटोपशीर, हिरव्या पट्ट्यांची. तू सगळ्यांना बोलावून दाखवलीस. कंपनीच्या बीला जपायचं असतं हे मला पाठ होतं, तुझ्या बीला जपायचं असतं हे मनातच आलं नाही. खोटं कशाला बोलू, एखाद्या वेळी आलंही असेल. परसातल्या वेलाचं काय एवढं, म्हणून मीच ते उडवून लावलं असणार.

होळी उलटली तरी आबा लेकीकडून परतले नव्हते. बीचं फळ देठाशी मऊ पडायला लागलं होतं, बोट दाबलं की रुतायचं. एकट्या बाईच्या घरात दुसऱ्या कुणा पुरुषाला बोलावणं तुला पटत नव्हतं. मी म्हटलं, "काही व्हत नही माय. फोड तू."

"बाईमाणूसनी फोडानं नही. आबाले येऊ दे."

"आबा येतीन तोवर ते सडी जाई."

तू विळा हातात घेतेस, कपाळाला लावतेस, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतेस. मग एकच घाव. फळ दुभंगतं, आत तोच केशरी रंग, तोच वास. मी म्हणते, "दख, काय व्हयनं?" आणि तू हसतेस, चोरी पचल्यासारखी. तुला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

आखाजीला तू ते बी सगळ्या गल्लीत दिलंस. माझ्या वेलाचंही थोडं मी हौसेने ठेवलं होतं, त्याला पुढच्या वर्षी एकासारखं दुसरं फळ आलं नाही, ते राहू दे. पण तुझंही तसंच झालं. कुठे चपटं, कुठे गोल, कुठे मान आहे पण आत पांढरट आणि पाणचट. दिवाळीनंतर समोरच्या अक्का अर्धं फळ घेऊन आल्या आणि त्यांनी ते ओट्यावर ठेवलं.

"हाई काय दिधं व तू? नुसतं पानी शे. बठ्ठ्यास्ना घर हाईच रड." सगळ्यांच्याच घरची रड सांगून झाली, मग म्हणाल्या, "मागला साल फळ कोनी फोडं व्हतं?"

तुला खोटं बोलता येत नव्हतं. "मीच फोडं," तू म्हणालीस. अक्का फळ तिथेच ठेवून निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं.

त्या फळाच्या पाठीवर माझ्या वेलाचे हिरवे पट्टे होते. मी दारात उभी होते आणि बघताक्षणी ओळखलं. तेव्हा बोलायला हवं होतं. विळ्याने काही बिघडलं नाही, बिघडलं ते आधीच, फुलात, आणि माझ्यामुळे, एवढंच सांगायचं होतं. पण माझी सोयरीक जुळत होती, आणि अक्काच त्यात मध्यस्थ होत्या. आज सांगू, उद्या सांगू करत मी गप्प राहिले. पुढच्या आखाजीला बी मागायला एकही बाई आली नाही. तू दोन दिवस अंगण झाडून वाट पाहिलीस. जिला मी बाईच्या हाताने काही होत नाही म्हणून शिकवलं, तिला आपला हातच वाईट आहे असं मी मानू दिलं. त्यानंतर तू तीन पावसाळे काढलेस आणि परसात काही लावलं नाहीस. तुला न्यायला माणसं जमली तेव्हा मी सासरहून आले, तर कुंपणाला नुसत्या काट्या होत्या.

आणि माय, बी पुरतं गेलं नव्हतं. पाऊस दगा देईल म्हणून तू दर वर्षीचं थोडं मागे ठेवायचीस. माझा वेल यायच्या आधीच्या वर्षीचं मूठभर गाडग्यात होतं, चोख, तुझ्या माहेरचं. ते पेरून फुलांची तोंडं बांधली असती तर पुन्हा सगळं उभं राहिलं असतं, आणि ते काम त्या गावात माझ्याइतकं कुणाला येत नव्हतं. पण दोरा का बांधतेस, असं तू विचारलं असतंस. त्या आखाजीला दोन दिवस वाट पाहून झाल्यावर, तिसऱ्या दुपारी तू गाडगं उतरवलंस, राख झटकून बिया धुतल्यास, तवा चुलीवर ठेवलास.

"मन्हा हातनं बी आते कोनले नको," तू म्हणालीस. "तू खाय ले."

त्या कोणत्या बिया आहेत ते मला माहीत होतं. त्या तव्यावर तडतडत होत्या आणि तू मीठ शिंपडत होतीस, आणि मी थांब म्हटलं नाही. मी खाल्ल्या. खरं सांगते, चांगल्या लागल्या, आणि मी आणखी मागितल्या.