कोनत्या वाराले?

मोहाडी, मंगळवार, रात्र

सातव्या महिन्यात साखर वाढलेली निघाली, तेव्हापासून मी स्वतःलाच दोष देतेय. भातच जास्त खाल्ला का मी? आज तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुझी चूक नाही. बाळाला पोसणारी वार असते ना, तिच्या हार्मोनमुळे तुझं इन्सुलिन कमी पडतं. बाळंतपणात वार पडली की बहुतेकींची साखर उतरते."

सोबत आलेल्या सासूबाईंनी लगेच विचारलं, "कोनत्या वाराले उतरते जी?" उपासाचाच वार धरला त्यांनी! डॉक्टरबाई खो खो हसल्या. मला मात्र रडू आलं, सुटल्यासारखं.

रात्रीचा भात मोजकाच. पण तो वाढताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "कोनताई वार चालते, पोरी. दोघंई सुखरूप असा."