प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी

बाबा,

दादा घरी आला आहे. तुम्ही ज्याला उंबऱ्याबाहेर काढलंत आणि जाताना ज्याच्याबद्दल माझ्याकडून शब्द घेतलात, तोच. मागच्या महिन्यात नर्मदेच्या ग्वारीघाटावरून एका नाववाल्याचा फोन आला. "दीदी, ये आपको बहन बताते हैं. उठ नहीं पा रहे, ले जाइए." मी शाळेतून तशीच ऑटोने गेले. फुलवाल्यांच्या ओळीमागे, भंडाऱ्याच्या उष्ट्या पत्रावळींशेजारी तो बसला होता. पाय सुजलेले, डोळे हळदीसारखे पिवळे. मला बघून म्हणाला, "तू काहून आली? बाबा रागावतील." तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे त्याला ठाऊक आहे, दफनाच्या दिवशी तो कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होता. तरी तो तसं म्हणाला, आणि मी त्याचं बोचकं उचललं.

आता मी थकले आहे, बाबा. सकाळी त्याला उठवून बसवायचं, अंग पुसायचं, पातळ खिचडी भरवायची, मग शाळा, मग आल्यावर चादरी धुवायच्या. दया हा शब्द प्रार्थनेत म्हणायला किती हलका आहे! घरात तो कमरेला कळतो. माझी लेक विचारते, "मम्मी, मामा कब तक रहेंगे?" आणि मी तिच्यावर खेकसते, कारण तोच प्रश्न माझ्याही मनात असतो.

आपल्या घरची रीत आठवते. महिन्यातून एकदा चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, आणि आदल्या शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी स्वयंपाकघरात चटईवर बसून एकमेकांची माफी मागायची. चर्चमधली प्रार्थना हिंदीतून, ही मात्र मराठीतून. सुरुवात धाकट्यापासून, म्हणजे माझ्यापासून. मनात अढी ठेवून जो वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकतो तो देवाला फसवतो, असं तुम्ही म्हणता आहात, आणि आई तवा उतरवून पदराला हात पुसत येऊन बसते आहे. एकदा बुटांना पॉलिश केलं नाही म्हणून चर्चला निघताना तुम्ही मला थप्पड मारली होती. पुढच्या त्या शनिवारी फॅक्टरीतून आलात, खाकी कपड्यांतच बसलात आणि माझ्यासमोर हात जोडलेत. "बेटा, मी रागात मारलं. माफ कर मले." एवढा मोठा माणूस! मला हसूच फुटलं, आणि दादानं चिमटा काढून मला गप्प केलं.

मग दादा प्यायला लागला आणि एका संध्याकाळी त्यानं आईवर हात उचलला. तुम्ही त्याला काढलंत, ते तेव्हा बरोबरच होतं. पण वर्षं गेली, आणि आईच म्हणायला लागली, "मार मी खाल्ला, अन् राग तुम्ही धरून राहिले." त्यानंतर प्रभुभोजनाला तुम्ही कधी उठलाच नाहीत. सगळे पुढे जायचे, तुम्ही बाकावर मान खाली घालून बसायचात. गुडघे दुखतात, म्हणायचात. पाळकसाहेब म्हणाले, बाकावर आणून देतो, तर नको म्हणालात. मीही भोळी, रात्री गुडघ्यांना तेल चोळून द्यायची. आता कुठे कळतंय. तुमच्याच्यानं माफ होत नव्हतं, आणि केलं असं देवासमोर खोटं म्हणवत नव्हतं. स्वतःच घातलेल्या नियमापायी तुम्ही शेवटपर्यंत उपाशी बसलात. मला तुमचा राग येतो, बाबा, आणि रडूही येतं.

आईबापाचा मान राखायचा ही आज्ञा तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतली होतीत. मी ती पाळली. दादा कुठे आहे याची साधी चौकशीसुद्धा केली नाही. चर्चमध्ये लोक माझं नाव घ्यायचे, मुलगी असावी तर अशी, आणि भाऊ घाटावर लोकांच्या नवसाचं जेवण खात होता.

आज शनिवार. आई गेल्यापासून ती रीत मोडलीच होती. मी पोळ्या करत होते, तेवढ्यात दादा भिंत धरधरत स्वयंपाकघरात आला. खाली बसवेना म्हणून खुर्चीवर बसला.

"तू नको मागू माफी," म्हणाला. "तुले काय मागायचं आहे? मीच मागतो." मागून झालं तरी तो उठेना. मग विचारलं, "खरं सांग. बाबांनी जाताना मले माफ केलं होतं का?"

तुमचा आवाज माझ्या कानात जसाच्या तसा आहे. "त्याले घरात घेऊ नको." माझं मनगट किती घट्ट धरलं होतंत.

"हो," मी म्हणाले. "तुझं नाव घेतलं अन् म्हणाले, त्याले घरी आण."

तो म्हणाला, "अच्छा," आणि ताट मागितलं. आल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या हातानं जेवला.

उद्या मी त्याला धरून कठड्यापर्यंत नेणार आहे, आणि त्याच्या शेजारी मीही गुडघे टेकणार आहे. तुमच्या नावावर खोटं बोलले, त्याची तुमच्याकडे माफी मागावी म्हणून लिहायला बसले होते. इतकं लिहून झालं, बाबा, तरी ती मागावीशी वाटत नाही.